पुष्करच्या धोऱ्यांवरची माणसं

कार्तिकी एकादशीला अजून तीन दिवस होते. राजस्थानातल्या पुष्करला यात्रेकरू लोटतात ते एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत, सरोवरातल्या स्नानासाठी. जनावरांचा बाजार त्याआधीच भरतो आणि पौर्णिमेपर्यंत बराचसा उठूनही जातो. मला भेटायचं होतं बाजारातल्या माणसांना, म्हणून मुद्दाम लवकर गेले.

गावाबाहेर रेतीच्या टेकड्या आहेत, धोरे म्हणतात त्यांना. पहाटे तिथं पोचले तर उंटाच्या लेंड्यांच्या जाळावर चहा उकळत होता. शेकोटीभोवती लाल पागोटी, पांढरी अंगरखी, कानात सोन्याच्या मुरक्या. वाटलं, आमच्या माणदेशातले धनगरच बसलेत! हे रायका, पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारे. पार्वतीच्या उंटाची राखण करायला महादेवानं आपल्याला घडवलं, अशी त्यांची श्रद्धा.

भाकरी थापणाऱ्या एका बाईनं मला हाताला धरून बसवलं. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हाताला बाजरीचं पीठ. नाव-गाव नंतर, तिनं आधी विचारलं, "तुमच्याकडे पाऊस झाला का?" दुष्काळी मुलखातल्या माणसाला दुसरा दुष्काळी माणूस असा ओळखू येतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिच्या सासऱ्यांनी, सगळे त्यांना बाबा म्हणत, एक सांडणी म्हणजे उंटीण विकायला आणली होती. गिऱ्हाईक आलं की आधी तिचं तोंड उघडून दात बघायचं, बैलाचं वय बघतात तसंच. तेवढा वेळ बाबांचा हात तिच्या मानेवरून निघत नव्हता. भाव मात्र गिऱ्हाईकं फार पाडून मागत होती. २०१४ मध्ये राजस्थाननं उंटाला राज्यपशू केलं, २०१५ मध्ये कायदा आला: कत्तलीला बंदी, राज्याबाहेर न्यायचा तर परवानगी. हेतू चांगलाच होता, पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं. शेतात आणि रस्त्यावर उंटाची जागा ट्रॅक्टर-टेम्पोनं आधीच घेतली होती. देशात २०१२ साली चार लाख उंट होते, २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. उंट वाचवायचा तर आधी उंटवाला जगला पाहिजे, हे मला त्या शेकोटीपाशी पटलं.

सजवलेल्या उंटांपुढे फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती. बाबांकडेही तिघं-चौघं आले, कॅमेरा रोखला आणि राम राम न करताच निघून गेले. मला फार वाईट वाटलं. ज्याच्या दारात आपण उभे आहोत, त्याच्याशी दोन शब्द तरी बोलावेत.

दुपारी सौदा झाला. बाबांनी नोटा सुनेकडे दिल्या, मोजल्यासुद्धा नाहीत. मग सांडणीला खाली बसवलं आणि तिच्या गळ्यातला कवड्या-मण्यांचा गोरबंद सोडायला घेतला. गाठ घट्ट होती, बराच वेळ लागला. बैल विकला की आजोबा दावं तेवढं परत घरी आणायचे, ते आठवलं. बाबांनी गोरबंदावरची रेती झटकली, घडी घातली आणि तो अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवला. सांडणी उठली. सुनेनं माझ्या हातात अजून एक गरम भाकरी दिली.