घरच्या सर्व्हरची नोंद : कॅशच्या आधीची कामं

साइट स्थिर झाली, आता वेगाचं काम हाती घेतलंय. यंत्र तेच, चार कोअर आणि ४ जीबी रॅम. डेबियन लिनक्सवर इंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी कोड चालवणारा), मारियाडीबी (डेटाबेस) आणि त्यावर वर्डप्रेस.

सुरुवातीला कॅश, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा देण्याची सोय, मुद्दाम बंदच ठेवली. कॅश लावली की पान झटकन येतं खरं, पण खालचं दुखणं नुसतं झाकलं जातं. लॉग-इन केलेल्या माणसाला आणि साइटवर काही शोधणाऱ्याला ते भोगावं लागतंच. म्हणून माझ्या मते कॅश सगळ्यात शेवटी.

कर्ल या कमांडने एकाच विनंतीतला वेळ टप्प्याटप्प्याने मोजला : डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), कनेक्शन, टीएलएस (सुरक्षित जोडणी), पहिला बाइट. आधीचे तीन टप्पे किरकोळ निघाले. पहिल्या बाइटची वाट बघण्यातच जवळपास सेकंद जात होता. म्हणजे पान तयार व्हायलाच उशीर होत होता, नेटवर्ककडे बघायची गरज नव्हती.

मग स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला जास्त वेळ लागलेल्या क्वेरींची नोंद. मारियाडीबीत त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते, त्यामुळे साध्या वेबसाइटवर तो सुरू करूनही सहसा रिकामाच दिसतो. मी ती ०.२ वर आणली आणि एकच क्वेरी सारखी दिसायला लागली : पोस्टमेटा टेबलात (तिथे पोस्टची जादा माहिती मेटा की आणि मेटा व्हॅल्यू अशा जोडीने असते) मेटा व्हॅल्यूवरून शोध. वर्डप्रेस त्या टेबलात मेटा कीवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) देतं, व्हॅल्यूवर देत नाही. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं तर एका कीच्या हजारो ओळी उचलून एकेक व्हॅल्यू तपासली जात होती.

की आणि व्हॅल्यूची पहिली ३२ अक्षरं असा जोड इंडेक्स टाकला. तरी ढिम्म फरक नाही! क्वेरी अक्षर न् अक्षर वाचली तेव्हा उलगडा झाला. थीमच्या कोडमध्ये व्हॅल्यू अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून लिहिलेली होती. मजकुराचा कॉलम आकड्याशी ताडायचा तर '5' आणि '05' दोन्ही ५ च ठरतात, त्यामुळे डेटाबेसला इंडेक्समधल्या व्हॅल्यूच्या क्रमाचा उपयोगच करता येत नाही. अवतरणचिन्हं घातली आणि तपासायच्या ओळी हजारांवरून बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. या सगळ्या खटपटीतला सर्वात मोठा फायदा इथेच मिळाला, आणि त्याला एक पैचंही हार्डवेअर लागलं नाही.

मारियाडीबीचं साठवणीचं इंजिन इनोडीबी, त्याचा बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मुळात १२८ एमबीचा असतो, तो १ जीबी केला. डेटा आता रॅममध्ये मावतो.

एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची, म्हणजे एका वेळी चालू शकणाऱ्या पीएचपी प्रोसेसची, मर्यादा गाठल्याचे इशारे होते. मूळ फाइलीत तो आकडा ५ असतो. वाढवताना मात्र हिशेब करूनच वाढवा : सिस्टिम आणि बफर पूल वजा जाता उरलेली रॅम भागिले एका प्रोसेसची रॅम. माझ्याकडे एक प्रोसेस साधारण ६० एमबी घेते, म्हणून २० वर थांबलो. वर आणखी जागा दिसत होती, पण ती फाइल कॅशसाठी (डिस्कवरच्या फाइली रॅममध्ये ठेवायला) राखून ठेवली. रॅम संपून प्रोसेस स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या संथ जागेत) जाण्यापेक्षा विनंती क्षणभर रांगेत थांबलेली बरी.

कॉम्प्रेशनचं काम छोटं. इंजिनएक्समध्ये जीझिप सुरू केलं तरी मूळ सेटिंगमध्ये ते फक्त एचटीएमएलला लागू होतं, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यादीत आपण घालायचे. स्थिर फाइली आधीच दाबून ठेवल्या आहेत, त्यामुळे तो भार प्रोसेसरवर येत नाही.

यानंतर फास्टसीजीआय कॅश (पीएचपीने तयार केलेली पानं साठवणारी इंजिनएक्सची कॅश) लावली, लॉग-इनची कुकी असेल तर वगळून. कॅशमध्ये नसलेलं पानही आता पाव सेकंदाच्या आत पहिला बाइट देतं, कॅशमधलं तर काही मिलिसेकंदांत.

पुढची पाळी एचटीटीपी/३ ची, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्तीची. ते यूडीपीवर चालतं, म्हणजे राउटरवर ४४३ चा यूडीपी पोर्टही उघडावा लागेल. मोबाइल नेटवर्कवरून आधीचे आकडे घेऊन ठेवतोय, तुलना पुढच्या नोंदीत टाकेन.