राउटरच्या आधी उठणारा सर्व्हर: बूटमध्ये नेटवर्कसाठी ताटकळणं कसं कमी केलं

नवीन मंडळींसाठी सेटअप थोडक्यात. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड छोटा डेस्कटॉप, मागे दोन लॅन पोर्ट. त्यावर उबुंटू सर्व्हर, आणि डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या सोयीत, फोटो, गाणी, असलं घरगुती सामान. शेजारी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर जाहिराती अडवणारा पाय-होल, म्हणजे घरातल्या सगळ्या फोन-टीव्हींचं डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) त्याच्या हातात. मोठ्या फाइली वेगळ्या नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर), एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर जोडायच्या पद्धतीने, जोडलेल्या. मध्ये एक जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, आणि भिंतीवर फायबरचा राउटर.

दुखणं असं की लाईट जाऊन आली की सर्व्हर आपोआप चालू होतो, बायोसमध्ये तशी सोय केलेली आहे. पण लॉगिन यायला दोन मिनिटांच्या वर जातात. एसएसडी असून! पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे फिरत राहतात आणि शेजारी एकच ओळ: ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर वेट फॉर नेटवर्क टु बी कन्फिगर्ड’.

या ओळीवर सगळीकडे एकच रामबाण उपाय सांगतात: नेटवर्कची वाट बघणारी ती वेट-ऑनलाइन सर्व्हिस मास्क करा (पूर्ण बंद करा), विषय संपला. लॅपटॉपवर करा खुशाल, तिथे कुणाचं काही अडत नाही. सर्व्हरवर मात्र त्याने दुखणं नुसतं जागा बदलतं. नेटवर्क नसताना एनएफएस माउंट होत (जोडलं जात) नाही, फोटोंचा कंटेनर रिकाम्या फोल्डरवर उठतो, आणि घरच्यांना लायब्ररीत शून्य फोटो दिसतात. त्यापेक्षा दोन मिनिटं परवडली. म्हणून यावेळी ठरवलं की वाट कोण बघतंय आणि कशासाठी ते आधी शोधायचं, आणि ज्याला खरंच गरज आहे त्यालाच थांबवायचं.

आधी मोजणी

लिनक्समध्ये बूट आणि सर्व्हिसेस सांभाळतो तो सिस्टमडी. त्याचं ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ नुसतं चालवलं तरी वेळेचे चार तुकडे मिळतात: फर्मवेअर, लोडर, कर्नल, यूजरस्पेस. बहुतेक जण थेट ‘ब्लेम’वर, म्हणजे कुठल्या सर्व्हिसला किती वेळ लागला त्या यादीवर, उडी मारतात. ब्लेमची यादी फसवी असते, कारण सर्व्हिसेस समांतर चालतात. यादीत वर असलेल्या सर्व्हिसने बूट अडवलं असेलच असं नाही. ‘क्रिटिकल-चेन’ जास्त कामाचं, कोण कोणामागे उभं होतं ते त्यात दिसतं. ‘प्लॉट’ने एसव्हीजी चित्र काढून ब्राउझरमध्ये उघडलं तर आणखी स्पष्ट.

माझ्याकडे पहिला धक्का फर्मवेअरच्या आकड्याने दिला. लिनक्स सुरू व्हायच्या आधीच बराच वेळ जात होता. ऑफिसातलं मशीन, त्यामुळे बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू आणि डिस्कच्या वर. पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करायची सोय, आधी आयपीव्ही४ वर कुणी बूट फाइल देतंय का विचारतं, मग आयपीव्ही६ वर, आणि कुणीच बोललं नाही की डिस्ककडे वळतं. यूईएफआयमधला (नव्या पद्धतीच्या बायोसमधला) नेटवर्क स्टॅक बंद केला, बूट क्रमात एसएसडी वर घेतली. नेटवर्कची वाट ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीही बघितली जाते, हे सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी पहिल्यांदा तपासावं. फुकटातली कमाई आहे.

रिकामं पोर्ट

आता मुख्य आरोपी. सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन ही सर्व्हिस नेटवर्कडीच्या (सिस्टमडीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) ताब्यातली सगळी पोर्टं तयार होईपर्यंत थांबते, आणि तिचा मूळ टाइमआउट १२० सेकंदांचा. माझ्या मशीनला दोन पोर्टं, केबल एकालाच. इन्स्टॉलरने दोन्ही पोर्टं नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलीत डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) लावून लिहून ठेवलेली. म्हणजे केबल नसलेल्या पोर्टाला पत्ता मिळायची वाट हे मशीन दर बूटला इमानेइतबारे दोन मिनिटं बघत होतं, आणि मग नाद सोडत होतं.

‘नेटवर्कसीटीएल’ चालवलं की लगेच कळतं: एका ओळीत ‘रूटेबल, कन्फिगर्ड’, दुसरीत ‘नो-कॅरियर, कन्फिगरिंग’ (कॅरियर म्हणजे केबलवरचा सिग्नल). दुसरी ओळ दिसली की समजायचं. नेटप्लॅनमध्ये त्या पोर्टाखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ एवढी एक ओळ घातली, ‘नेटप्लॅन अप्लाय’ केलं. नेटप्लॅन न वापरणाऱ्यांनी नेटवर्कडीच्या फाइलीत लिंक विभागात ‘रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन’ला ‘नो’ लिहायचं, काम तेच. पोर्ट फाइलीतून काढूनच का टाकलं नाही? कारण कधीतरी लॅपटॉप थेट जोडायला ते लागतं.

डेबियनवर जुन्या पद्धतीची इंटरफेसेस फाइल असेल तर तिथला भाऊबंद वेगळा. ‘ऑटो’ लिहिलेलं पोर्ट बूटच्या वेळी उठवलंच पाहिजे असा हट्ट असतो आणि नेटवर्किंग सर्व्हिस पाच मिनिटांपर्यंत खेचू शकते. तिथे ‘अलाउ-हॉटप्लग’ लिहायचं.

लॉगिनला नेटवर्क कशाला लागतं?

हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. कीबोर्ड समोर, पडदा समोर, मग लॉगिनने नेटवर्कसाठी का थांबावं?

सिस्टमडीत ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ ही दोन वेगळी टार्गेट, म्हणजे बूटमधले टप्पे, आहेत. पहिल्याचा अर्थ फक्त नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं म्हणजे पत्ता वगैरे लागला. इंटरनेट पोचतंय का, हे दुसरंही तपासत नाही. आणि ते आपण होऊन चालू होत नाही. कुणीतरी मागितलं तरच बूटमध्ये येतं. म्हणून ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज’ला ‘रिव्हर्स’ लावून मागणाऱ्यांची यादी काढली. माझ्याकडे तिघे निघाले: डॉकर, क्लाउड-इनिट आणि एनएफएसचं माउंट.

डॉकर निरुपद्रवी. तो स्वतः थांबतो, लॉगिनला अडवत नाही. त्याची अट काढायची कुणाला हौस असेल तर सांगून ठेवतो: ‘आफ्टर’सारखी ओळ ड्रॉप-इन फाइलीत (सर्व्हिसच्या मूळ युनिट फाइलीला दिलेल्या पुरवणीत) रिकामी करून पुसली जात नाही, ड्रॉप-इनमध्ये फक्त भर घालता येते. अख्खी युनिट फाइल ‘एडिट --फुल’ने बदलावी लागते. मी हात लावला नाही.

क्लाउड-इनिट मात्र वेट-ऑनलाइनच्या मागे आणि लॉगिन व एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) पुढे असा बरोबर दारात उभा असतो. भाड्याच्या क्लाउड मशीनवर पहिल्या बूटला सेटिंग करायला तो लागतो. घरातल्या डब्यात काय काम त्याचं? ‘ईटीसी’मधल्या ‘क्लाउड’ फोल्डरमध्ये ‘क्लाउड-इनिट.डिसेबल्ड’ नावाची रिकामी फाइल ठेवली की तो गप्प बसतो. त्याने बनवलेली नेटप्लॅनची फाइल जागेवर राहते, ती पुसू नका.

उरलं एनएफएस. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलीतलं दूरचं माउंट ‘रिमोट-एफएस’ टार्गेटमध्ये मोडतं, आणि लॉगिन उघडणारी सर्व्हिस त्या टार्गेटच्या मागे. कारणही रास्त आहे: कॉलेजच्या लॅबसारख्या ठिकाणी लोकांचे होम फोल्डरच सर्व्हरवर असतात, ते लागायच्या आत लॉगिन देऊन करायचं काय. माझं होम डिस्कवरच आहे. म्हणून एफएसटॅबच्या ओळीत ‘_नेटडेव्ह’, ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे तिन्ही पर्याय टाकले. आता बूटमध्ये माउंट होतच नाही. त्या फोल्डरला कुणीतरी पहिल्यांदा हात लावला की त्या क्षणी होतं. ‘_नेटडेव्ह’चा आणखी एक उपयोग बंद करताना होतो, नेटवर्क जायच्या आधी माउंट सुटतं. शटडाउनला लटकणारी मशीनं बरीचशी याच कारणाने लटकतात.

फोटोंच्या कंटेनरला मात्र थांबायलाच हवं. त्याची डॉकरमधली आपोआप सुरू व्हायची सोय काढली आणि त्याच्यासाठी छोटं सिस्टमडी युनिट लिहिलं. नॅसवरच्या फोल्डरात एक खुणेची रिकामी फाइल ठेवली आहे. युनिट सुरू व्हायच्या आधी ‘टेस्ट -ई’ने ती फाइल दिसते का बघायची, नाही दिसली तर अपयशी, ३० सेकंदांनी पुन्हा. इथे ‘माउंटपॉइंट’ कमांड वापरू नका. ऑटोमाउंटची जागा स्वतःच माउंट म्हणून मोजली जाते, त्यामुळे मागे नॅस बंद असला तरी उत्तर ‘हो’ येतं. खुणेची फाइल खोटं बोलत नाही.

स्विचची तीस सेकंदं

एवढं करूनही कंटेनर उठायला मिनिटभर जास्त लागत होतं, आणि तेही राउटर आधीपासून चालू असताना. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) नेटवर्कडीच्या ओळी बघितल्या: ‘गेन्ड कॅरियर’ आणि डीएचसीपीचा पत्ता मिळाल्याची ओळ, दोघींत जवळजवळ एक मिनिट. केबल लागलेली, राउटर जागा, मग मिनिट खाल्लं कुणी?

स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री चालू होता. त्याच्या नियमाने नुकतंच जिवंत झालेलं पोर्ट १५ सेकंद नुसतं ऐकतं, पुढची १५ सेकंद पत्ते शिकतं, आणि मगच डेटा पुढे जाऊ देतं. नेटवर्कात गोल चक्कर तयार होऊ नये म्हणून ही खबरदारी. पण ही तर ३० सेकंदं झाली. उरलेली कुठली?

गंमत डीएचसीपीत आहे. डीएचसीपीचे नियम सांगणाऱ्या १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये सांगितलंय की उत्तर आलं नाही तर क्लायंटने साधारण ४ सेकंदांनी पुन्हा विचारावं, मग ८, मग १६, मग ३२, असं दुप्पट करत ६४ पर्यंत. बेरीज करून बघा: विचारणा होणार शून्य, ४, १२ आणि २८ व्या सेकंदाला. चारही बंद दारावर आपटतात. दार ३० व्या सेकंदाला उघडतं, आणि पुढची विचारणा थेट ६० व्या सेकंदाच्या आसपास. दोन सेकंदांनी गाडी चुकली म्हणून पुढच्या गाडीपर्यंत अर्धा मिनिट फलाटावर. नेमका एकेक सेकंद मागेपुढे होतो, पण नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये हाच नमुना डोळ्यांनी दिसला आणि फार बरं वाटलं.

उपाय: स्विचवर आरएसटीपी, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा जलद अवतार (२००१ चं ८०२.१डब्ल्यू), चालू केलं आणि सर्व्हर, पाय, नॅस यांची पोर्टं ‘एज’ म्हणून लावली. सिस्कोवाले यालाच पोर्टफास्ट म्हणतात. एज पोर्ट लगेच उघडतं. ज्या पोर्टाला पुढे दुसरा स्विच लागलाय तिथे हे चुकूनही लावू नका, चक्कर अडवणारा पहारेकरीच काढून टाकल्यासारखं होईल. मॅनेज्ड नसलेल्या साध्या पाच पोर्टाच्या स्विचवाल्यांना हा अख्खा परिच्छेद लागू नाही. सुखी आहात.

लाईट आल्यावर

खरी परीक्षा लाईट आल्यावरची. तेव्हा सगळे एकदमच उठतात आणि फायबरचा राउटर सगळ्यात शेवटी. डीएचसीपी त्याच्याकडे, म्हणून सर्व्हर, पाय आणि नॅस या तिघांना मशीनवरच पक्के पत्ते दिले, राउटरच्या डीएचसीपीच्या टप्प्याबाहेरचे. राउटरमधलं रिझर्व्हेशन इथे चालत नाही. पत्ता ठरलेला असला तरी तो सांगणारा अजून झोपलेला असतो. आता राउटर मेला तरी घरातल्या घरात फोटो आणि गाणी चालतात, तिघांना एकमेकांचे पत्ते माहीत आहेत.

पायवर नेटवर्क मॅनेजर आहे (रास्पबेरी पाय ओएस बुकवर्मपासून, २०२३ च्या ऑक्टोबरपासून, तोच मूळचा). रास्पी-कॉन्फिगमध्ये सिस्टिम ऑप्शन्सखाली ‘नेटवर्क ॲट बूट’ आहे, ते बंद केलं.

पण पायचं खरं लचांड घड्याळाचं. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, ते पाय ५ पासून आलं. लाईट गेली की पाय ४ शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून उठतो, म्हणजे मागे पडलेला. आणि माझ्या पाय-होलच्या मागे अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर आहे, तो डीएनएससेकच्या सह्या (उत्तर खरं असल्याची खूण) तपासतो. सह्यांना मुदत असते. लाईट बराच वेळ नसेल तर घड्याळ एवढं मागे की नव्या सह्या त्याला ‘अजून सुरूच झाल्या नाहीत’ अशा वाटतात, आणि तो नावं सोडवायला नकार देतो. वेळ नीट करायची तर एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर गाठायचा, त्याचं नाव सोडवायला डीएनएस लागतं, आणि डीएनएस वेळ चुकीची म्हणून अडून बसलेलं. घरात ‘इंटरनेट आलं पण चालत नाही’ अशी हाक येते ती इथून.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बॅटरी आहे, त्याची वेळ शाबूत राहते. त्यावर क्रोनी बसवून घरच्या नेटवर्कला वेळ द्यायला लावलं, आणि पायच्या टाइमसिंकडीला (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला) नाव न देता सर्व्हरचा आकडी पत्ता दिला. क्रोनीमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ लिहायला विसरू नका, नाहीतर इंटरनेट नसताना तो स्वतःच्या वेळेची हमी घेत नाही आणि पायला काहीच मिळत नाही.

बॅकअपच्या टायमरला तेवढं ‘टाइम-सिंक’ टार्गेटच्या मागे उभं केलंय, चुकीच्या तारखेचे बॅकअप नकोत. बाकी कुणीही वेळेसाठी थांबत नाही.

सध्याची स्थिती

लॉगिन आणि एसएसएच बायोसचा लोगो गेल्यावर काही सेकंदांतच. फोटो नॅस उठल्यावर, म्हणजे दीड-दोन मिनिटांनी. नॅसच्या डिस्क फिरायला लागणारा वेळ आहे तो, त्यावर माझा इलाज नाही. वेट-ऑनलाइन सर्व्हिस अजून चालूच आहे, मास्क केलेली नाही.

बाकी राहिलंय ते स्विचचं. लाईट आल्यावर तो स्वतः उठायला मिनिटभर घेतो, तोवर सर्व्हरच्या पोर्टाला कॅरियरच नसतो आणि पक्का पत्ताही लागत नाही. नेटवर्कडीत ‘कन्फिगर-विदाउट-कॅरियर’ला ‘यस’ लिहून पत्ता आधीच लावता येतो, पुढच्या वेळी ते करून बघणार आहे. डॉकरमधले जे कंटेनर ठरावीक पत्त्याला चिकटतात त्यांच्यावर याचा काय परिणाम होतो ते बघायचंय. कुणी लावलं असेल तर अनुभव टाका, शक्यतो क्रिटिकल-चेनसकट.