सुपीरियरचे आलेख: टक्केवारी सोडली, तारीख धरली

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सुपीरियर सरोवराच्या मधोमध असलेल्या 45001 क्रमांकाच्या बोयाच्या (पाण्यावर तरंगत मोजमाप करणाऱ्या यंत्राच्या) तापमाननोंदी उतरवून झाल्या. आतापर्यंत मी हिवाळ्यातल्या बर्फाची कमाल टक्केवारी एका अक्षावर आणि ऑगस्टमधलं पाणी दुसऱ्यावर मांडत होते. ठिपके ढोबळमानाने उताराला लागतात (बर्फ जास्त तर ऑगस्टचं पाणी गार), पण का लागतात ते त्यातून कळत नाही. म्हणून आता दर वर्षाची रेघ वेगळी काढतेय आणि एकच बघतेय: पाणी 4 अंश सेल्सियसची वेस कधी ओलांडतं.

गोडं पाणी 4 अंशांना सर्वांत जड. वसंतात 2-3 अंशांवरचं पाणी उन्हाने तापलं की जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. मिळालेली उष्णता अशी अख्ख्या सरोवरात वाटली जाते, आणि सुपीरियरची सरासरी खोली आहे 147 मीटर! आलेखावर रेघ आठवडेच्या आठवडे तळाशी सरपटत राहते. वेस ओलांडली की तापलेलं पाणी हलकं होऊन वरच थांबतं, तेवढाच थर भराभर तापतो आणि रेघ उभी चढते. मध्येच वारा सुटला की खाली आपटते, पुन्हा चढते. हा भाग बघत बसावा असा.

2012 आणि 2014 शेजारी ठेवून बघा. सुपीरियरसकट पाचही ग्रेट लेक्स (तिथली मोठी सरोवरं) धरून बर्फाचं कमाल आच्छादन पहिल्या हिवाळ्यात जेमतेम 13 टक्के, दुसऱ्यात 92. 2014 साली जून उजाडला तरी सुपीरियरवर बर्फाचे तुकडे तरंगत होते. 2012 ची रेघ कितीतरी आधी उठते, म्हणजे वरचा थर तापायला तेवढा जास्त वेळ मिळतो. 1979 ते 2006 या काळात इथलं उन्हाळी पाणी हवेपेक्षाही वेगाने तापलं, त्यामागे रेघ अशी लवकर उठू लागणं हेही एक कारण.

बर्फ सरोवर गार करतो, हे मात्र अर्धंच खरं. 1 किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 80 किलो पाणी 1 अंशाने तापतं. अर्धा मीटर जाड बर्फाचा हिशेब 147 मीटरवर पसरला तर हाती येतो पाव अंश. शिवाय गोठलेलं सरोवर हिवाळ्यात उष्णता कमी गमावतं. पण वेशीपर्यंत एक-दोन अंशच उरलेले असताना पाव अंशही बरेच दिवस खातो. त्यात हिमाने झाकलेला बर्फ बरंचसं ऊन परत फेकतो, तो तोटा वेगळा.

फाइली उतरवणाऱ्यांसाठी: तापमानाची नोंद नसेल तिथे 999 असतं, ते आधी गाळा. हिवाळ्यात बोये बाहेर काढतात, त्यामुळे तेवढी जागा कोरीच राहणार. ती सरळ रेघेने जोडू नका.

ग्रेट लेक्समधल्याच एरी सरोवरावर हाच खेळ करून पाहायचाय. सरासरी खोली फक्त 19 मीटर, त्यामुळे ऑगस्टपर्यंत तिथे बर्फाचा माग फारसा उरत नसावा असा माझा अंदाज. त्याआधी सुपीरियरला वाऱ्याचा रकाना जोडते, तो त्याच फाइलींत आहे.