बिनझाकणाचे डबे

चवथ जवळ आली की आमच्या घरात कुणाला तरी माळ्यावर चढावंच लागतं. माटोळीची लाकडी चौकट तिथे असते. गणपतीच्या डोक्यावर नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं, आंबाडे टांगायला वर्षातून एकदा ती खाली उतरते आणि विसर्जन झालं की परत वर जाते. चढायचं काम नवऱ्याचं. स्टूल धरून "ते दे, हे राहू दे" म्हणायचं काम माझं. आणि सोप्यावरच्या खुर्चीतून "काही टाकू नका गो" असं बजावायचं काम सासूबाईंचं.

यंदा चौकटीच्या आधी हाताला लागली ती चाकं नसलेली सुटकेस. मग दोन प्रेशर कुकर, शिटी एकालाही नाही. आहेरात आलेल्या लेमन सेटचा जग आणि सहापैकी चार पेले. मुलाचा वॉकर, मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला दहा नंबरची चप्पल लागते. एक छोटा ओव्हन, ज्यात आम्ही एकदाच केक केला होता आणि तो केक नंतर कावळ्यांनीही नाकारला होता. आत्येसासूबाईंनी बहारीनहून आणलेली तीन ब्लँकेटं, प्रत्येकावर जबडा उघडलेला वाघ. फोंड्यात राहून ती कुणी आणि कधी पांघरली होती, हे कुणालाच आठवेना. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. छपरातून एक थेंब न गळताही त्यातला बराचसा आमच्या माळ्यावरच्या कपड्यांत मुरलेला असतो. वाघांना बुरशीचा वास येत होता. सगळ्यात शेवटी तांब्याचं भाण आलं, न्हाणीत चुलीवर पाणी तापवायचं, आणि त्याच्या पोटात एकात एक घातलेले स्टीलचे दोन मोठे डबे.

"सगळं चांगलं आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

हे मी म्हटलं की नवऱ्याने, ते आता आठवत नाही. दर वर्षी आमच्यापैकी एक जण म्हणतंच. हा 'कुणीतरी' मोठा गमतीचा इसम आहे. त्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण त्याची सगळी मापं आम्हाला पाठ. आम्हाला घट्ट झालेले कपडे त्याला नेमके बसतात. शिटी नसलेल्या कुकरात त्याचा भात मऊ शिजतो. भर गोव्यात त्याला थंडी वाजते. लेमन सेटच्या चार पेल्यांतून सरबत प्यायला त्याच्या घरी बरोबर चारच माणसं असतात. तो गरीब आहे, पण त्याचं घर आमच्या माळ्याहून मोठं असणार, कारण आमच्याकडे मावत नाही ते सगळं त्याच्याकडे मावतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं सोप्यावर ओळीने मांडलं आणि अक्काची वाट बघत बसले.

अक्का आमच्याकडे अकरा वर्षं येते आहे. मूळची गदगकडची. नवऱ्याबरोबर बांधकामाच्या कामाला म्हणून गोव्यात आली, पुढे त्याची पाठ गेली आणि हिने चार घरची भांडी-लादी धरली. घरात कन्नड, घरमालकाशी हिंदी, आमच्याशी कोकणी आणि सासूबाई टीव्हीवर मराठी मालिका बघत असल्या की थोडं मराठीही. मी जरा थाटातच म्हटलं, "अक्का, बघ. काय हवं ते ने."

तिने हात पदराला पुसले आणि ओळीवरून सावकाश फिरली. कुकर उचलला, झाकणाची कड बोटाने चाचपली. "रबर ना. शिटी ना." खाली ठेवला. ओव्हनकडे पाहून हसली. तिच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा, त्याहून जास्त काही लावलेलं मालकाला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ओव्हन पुढे करताना ते आठवणं वेगळं. ब्लँकेटाचा वास घेतला, वाघाच्या जबड्यावरून एकदा हात फिरवला, घडी होती तशी करून ठेवली. "खोलींत जागो ना, बाय." दहा बाय दहाच्या त्या खोलीत पाच माणसं निजतात.

डब्यांपाशी मात्र ती उकिडवी बसली. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. उलटे करून बूड पाहिलं, जोड पाहिला, एक डबा वर धरून आतून उजेड दिसतो का तेही पाहिलं. चेहरा खुलला. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाय, धांपणीं खंय?"

धांपणें म्हणजे झाकण.

"झाकणं... असतील कुठेतरी," मी म्हटलं. हा 'कुठेतरी' त्या 'कुणीतरी'चा सख्खा भाऊ.

ती हसली नाही. गावाहून ज्वारीचं पीठ येतं, ते पिशवीत ठेवलं तर उंदीर, भांड्यात ठेवलं तर मुंग्या, आणि पावसात तर चार दिवसांत पिठाचा गोळा होतो, हे तिने मला समजावून सांगितलं. मला! जिच्या माहेरी मे महिना म्हणजे पुरुमेंताचा महिना असायचा. सोलं, मिरच्या, मीठ, सुके बांगडे, सुकी सुंगटं. पहिली सर यायच्या आत सगळं डब्यांत आणि बरण्यांत बंद. आई झाकणाखाली फडकं घालून ते घट्ट दाबायची आणि वर मूठ मारायची. गोव्याच्या पावसात डब्याची किंमत झाकणावरून ठरते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण तो डबा माझा होता तोवर. देण्याच्या ओळीत जाऊन बसल्यावर तो नुसता 'चांगला डबा' झाला.

शेवटी तिने डबे नेले. "ताटली दवरतां, वयर फातर," म्हणाली. ताटली ठेवते, वर दगड.

खोटं कशाला बोलू, ती गेल्यावर मला राग आला. एवढं मांडून ठेवलं आणि हिने बाजारात आल्यासारखं पारखून घेतलं! 'धर्माची गाय आणि दात का नाही' ही म्हण अगदी ओठांवर आली. आणि गाय म्हटल्याबरोबर नचिकेत आठवला.

लहानपणी गावच्या देवळात कीर्तनात नचिकेताचं आख्यान कितीदा तरी ऐकलं. बुवांना यमाच्या दारी पोचायची घाई असायची, खरं तत्त्वज्ञान पुढे होतं. मला मात्र सुरुवातीच्या गाईच लक्षात राहिल्या. नचिकेताचा बाप यज्ञ करून सर्वस्व दान द्यायला निघालेला, आणि देत काय होता, तर ज्यांचं पाणी पिऊन झालं आहे, गवत खाऊन झालं आहे, दूध देऊन झालं आहे अशा गाई. मुलाला ते बघवेना. "मला कुणाला देणार?" असं त्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा बाप भडकून म्हणाला, "यमाला!" कठोपनिषदाइतकी जुनी ही गोष्ट. म्हणजे माळा साफ करायचा आणि त्याला दान म्हणायचं, ही काही आमच्या घरची नवी युक्ती नव्हे. सोप्यावर ओळीने बसलेले ते कुकर मला एकदम भाकड दिसायला लागले.

या बाबतीत बोहारणीचा व्यवहार मला फार सरळ वाटतो. गिरगावातल्या मावशीकडे सुटीत जायचे तेव्हा तिच्याकडे ठरलेली बोहारीण यायची. जिन्याच्या तोंडाशी टोपली उतरवून बसली की तासभर हलायची नाही. काकांची पँट उजेडात धरायची, जिथे झिरझिरीत झाली असेल तिथे नेमकं बोट घालून दाखवायची, शर्टाची कॉलर उलटी करायची आणि निम्मे कपडे परत मावशीच्या मांडीवर टाकायची. मावशी एक जरीची साडी वर घालायची, बोहारीण पातेल्याऐवजी त्याहून मोठं पातेलं काढायची, मध्ये चहा व्हायचा, पुन्हा भांडण. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, म्हणून वस्तू नीट बघितली जायची. फाटकं फाटकं ठरायचं.

आणि काणकोण. 2 ऑक्टोबर 2009, गांधीजयंतीची सुटी. त्या दिवशी काणकोणात असा पाऊस कोसळला की तळपण आणि गालजीबाग नद्यांचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. दोन दिवसांनी आमच्या वाड्यावरून कपड्यांची पोती भरून टेंपो निघाला, त्यात मीही होते. तिथे एका शाळेत कपड्यांचा ढीग आधीच छातीएवढा होता. त्यात जरीचे ब्लाउज होते, एक टाय होता, आणि लोकरीचा कोट होता, जो कुणाच्या तरी आजोबांनी लिस्बनला घातला असावा. ढिगाजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल. मी उत्साहाने त्यांच्या मापाचा शर्ट शोधायला लागले तर म्हणाले, "बाय, फावडं आहे? बालदी तरी?" घरात वीतभर गाळ बसला होता. तो काढल्याशिवाय शर्ट घालून बसणार कुठे? आमच्या टेंपोत तीस पोती कपडे होते आणि बालदी एक, तीही ड्रायव्हरची. ती त्याने दिली. त्या सगळ्या फेरीत उपयोगाची गोष्ट त्या ड्रायव्हरने दिली असं मला आजही वाटतं.

'गूंज' संस्थेबद्दल पुढे वाचलं तेव्हा हा टायच डोळ्यांसमोर आला. अंशू गुप्तांनी ती 1999 साली दिल्लीत सुरू केली, 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरात जमलेले कपडे तिथे माणसं हाताने निवडतात, दुरुस्त करतात, कुठे काय जाईल ते ठरवतात. आणि गावात ते नुसते वाटत नाहीत. गावाने आपल्याला हवं ते काम ठरवायचं, विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, तळं उपसायचं, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. अगदी चिंधी म्हणावी असं सुती कापडही तिथे फुकट जात नाही, धुऊन त्याचे पाळीसाठी पॅड शिवतात. पण मला जास्त आवडलं ते निवडणं. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बोहारणीच्या डोळ्याचा कुणीतरी बसलेला आहे. इथे 'कुणीतरी' चालेल.

माझ्या सोप्यावर मात्र निवडणारी गणपती यायच्या तोंडावर मीच होते. एका वृद्धाश्रमाला फोन केला. पलीकडे सिस्टर होत्या, आवाज गोड आणि उत्तर तयार: "कपडे नकोत हं. मोठ्या माणसांचे डायपर असतील तर आणा, टॉवेल आणा, साबण आणा." म्हणजे दुकानात जाऊन विकत घ्यायचं. माळा रिकामा व्हायचा तो खिसा रिकामा व्हायला लागला. एका खेपेला नेलं, दर महिन्याला नेते असं म्हणणार नाही. कुकरांना बाजारातून रबर आणि शिटी आणली; एक अक्काच्या जावेने नेला, दुसरा आमच्या कुकरची शिटी त्याच आठवड्यात उडाल्यामुळे आम्हीच ठेवला. वाघ धुतले, तीन दिवस पंख्याखाली वाळवले आणि भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला दिले. तिथली पिल्लं वाघांच्या जबड्यात डोकं ठेवून झोपतात, फोटो आला होता. लेमन सेट वर गेला, कारण तो सासूबाईंच्या भावाने दिला होता. भाण वर गेलं, कारण ते भाण आहे.

राहिली झाकणं. चवथ झाली, माटोळी उतरली, तरी सापडेनात. मी फडताळं उपसली, कोठीच्या खोलीत पिंपामागे हात घातला, नवऱ्याला पुन्हा माळ्यावर चढवलं. आणि एका सकाळी तुळशीला पाणी घालताना पाहिलं, तर वृंदावनाच्या कठड्यावर चिमण्यांसाठी पाणी ठेवलेलं असतं ते भांडं म्हणजे झाकणच. सासूबाईंनी ठेवलेलं. किती वर्षांपासून, देव जाणे. मी रोज त्यात पाणी घालत होते. चिमण्यांना करवंटी दिली, झाकण राखेने घासलं आणि संध्याकाळी अक्काच्या खोलीवर घेऊन गेले.

पहिल्यांदाच गेले होते, अकरा वर्षांत. डबे दाराजवळ शेजारी शेजारी होते, प्रत्येकावर ताटली, ताटलीवर चिऱ्याचा तुकडा. अक्काने दगड उतरवला, ताटली काढली, झाकण बसवून तळव्याने दाबलं. टक् असा आवाज आला. तिने ते पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. टक्. धाकटी नात उठून आली, तिनेही एकदा लावून पाहिलं.

मग अक्काने दुसऱ्या डब्यावरच्या दगडाकडे बघितलं आणि माझ्याकडे.

"आनी दुसऱ्याचें?"