सात टक्के, पण किती महिन्यांचे?

“बचत खात्यात पैसे पडून आहेत. त्यावर चार टक्के मिळतात. दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या खात्यावर सात टक्के देतायत. सगळे तिकडे हलवू का?” मी गणित शिकवते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. ज्यांनी पैसे हलवले ते वर्षभराने दुसरा प्रश्न घेऊन येतात: “सात टक्के म्हणाले होते, हातात चारसुद्धा पडले नाहीत. फसवलं का हो?” तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण हिशेब एकच आहे.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. समजा, दरमहा १०० भरले. चलन कुठलंही धरा. वर्षाचे भरले १२००, आणि सात टक्क्यांनी ८४ व्याज मिळेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात मिळतात साडेपंचेचाळीस. व्याज म्हणजे पैशाचं भाडं. जितके दिवस पैसे तिथे राहिले तितक्याच दिवसांचं ते मिळणार. पहिले १०० पूर्ण बारा महिने राहिले, दुसरे अकरा, तिसरे दहा, आणि शेवटचे फक्त एक महिना. १२ पासून १ पर्यंतची बेरीज ७८. म्हणजे तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेसहा महिने खात्यात होता. सात टक्के दर वर्षाचा आहे आणि तो पूर्ण मिळालेला आहे, फक्त पैसे वर्षभर तिथे नव्हते. ४५.५० ला १२०० ने भागलं की ३.८ टक्के येतात आणि तो आकडा पाहून माणूस हळहळतो. पण तो भागाकारच चुकीचा आहे, कारण त्यात शेवटच्या महिन्यात भरलेले १०० सुद्धा वर्षभर कामाला लावल्यासारखे धरलेत. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दर लिहिला जातो, हे साडेसहा महिने मात्र कुठेच लिहिलेले नसतात, एवढं खरं.

आता पहिला प्रश्न, कारण निर्णय तिथे घ्यायचा आहे. तुमचे १२०० आधीच चार टक्क्यांच्या खात्यात आहेत. ते एकदम नव्या खात्यात टाकता येत नाहीत. तिथे दरमहा १०० चीच मर्यादा आहे, आणि इतका दर देणं परवडतं तेही याच मर्यादेमुळे. मग पैसे दर महिन्याला एकेक हप्ता करून हलवायचे. उरलेले तोवर जुन्या खात्यातच असतात आणि चार टक्के कमावत राहतात, हे बहुतेक जण हिशेबातून वगळतात. पहिल्या महिन्यात ११०० मागे राहिले, दुसऱ्यात १०००, असं करत शेवटच्या महिन्यात शून्य. त्याचं व्याज होतं २२. नव्या खात्याचे ४५.५० आणि हे २२ मिळून ६७.५०. काहीच हलवलं नसतं तर मिळाले असते ४८. फायदा साडेएकोणीसचा.

म्हणजे तीन टक्क्यांचा फरक दिसत होता, पण एकूण रकमेवर तो १.६ टक्क्यांच्या आसपास पडला. दरांमधला फरक किती आहे ते पाहायचं आणि त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त धरायचं. एक वर्षाच्या मुदतीला हा अंदाज पुरतो. तुमच्या हातातल्या रकमेला तो लावून पाहा. येणाऱ्या आकड्यासाठी बारा महिने लक्ष ठेवायची तयारी आहे का, हे तुमचं तुम्हीच ठरवा. माझ्या मते बहुतेकांनी एवढी तसदी घ्यायला हरकत नाही, कारण हप्ता आपोआप वळता करायची सोय असते आणि ती एकदाच करावी लागते.

पण रक्कम आधीच हातात असेल तर मी आणखी एक गोष्ट विचारायला लावते: वर्षभराच्या मुदत ठेवीचा दर किती आहे? वरच्या उदाहरणात हप्त्याहप्त्याने हलवून ६७.५० मिळाले, म्हणजे १२०० वर ५.६ टक्के. मुदत ठेवीवर सहा टक्के मिळत असतील तर १२०० वर ७२ येतात. सहा हा आकडा सातपेक्षा लहान असूनही तो जिंकतो, कारण तिथे सगळे पैसे पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. मुदत ठेवीवर पाच टक्केच असतील तर येतात ६०, मग हप्त्याने हलवणं बरं. काही ठिकाणी दोन्हींचा दर एकच असतो. तिथे साठवलेली रक्कम हप्त्याहप्त्याने हलवण्यात काहीच अर्थ नाही, सरळ मुदत ठेव करावी. दर महिन्याच्या पगारातून जे उरतं त्यासाठी मात्र हे खातं मला मनापासून आवडतं. तो पैसा मुळातच हप्त्याने येतो. तो साडेसहा महिनेच का राहिला, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. त्याआधी तो तुमच्याकडे नव्हताच.

खातं मध्येच मोडण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे लोकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. सहा महिने झाले, म्हणजे निम्मं व्याज पदरात पडलं असं वाटतं. तसं होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत शिल्लक लहान असते, म्हणून व्याजही लहान. खात्यात पहिल्या महिन्यात एक हप्ता असतो, दुसऱ्यात दोन, सहाव्यात सहा, त्यांची बेरीज २१. म्हणजे ७८ पैकी फक्त २१ वाटे पहिल्या सहामाहीचे, उरलेले ५७ दुसऱ्या सहामाहीचे. जवळजवळ तीन चतुर्थांश व्याज शेवटच्या सहा महिन्यांत तयार होतं. आठव्या-नवव्या महिन्यात अडचण आली म्हणून खातं बंद केलं तर आपण नेमके भरघोस महिने सोडून देतो. वर दंड म्हणून दर कमी होतो, तो वेगळाच. समजा सहा महिन्यांनी मोडलं आणि सातऐवजी तीन टक्केच दिले, तर हातात येतात ५.२५, जुन्या चार टक्क्यांच्या खात्यात तेच हप्ते ठेवले असते तर ७ आले असते. नुकसान मोठं नाही, हे खरं. पण ज्या फायद्यासाठी एवढं केलं तो मात्र पूर्ण गेला.

म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे या सगळ्यातून बाहेर ठेवा. ते चार टक्क्यांवर पडून राहिले तरी चालतील. दुखणं आलं किंवा नोकरी गेली तर त्यांना हात लावताना कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यांचं खरं उत्पन्न. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला साधे ३६, आणि थकत गेले तर चक्रवाढीने ४२ च्याही वर. सात टक्के मिळवायचे आणि बेचाळीस भरायचे, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना बचत मोडायला सांगितलं की जिवावर येतं. मोडा. बचतीची सवय पुढच्या महिन्यातही लावता येते, थकबाकी मात्र रोज वाढत असते.

खातं उघडण्याआधी काही गोष्टी लेखी स्वरूपात मागून घ्या. दर मुदतभर ठाम आहे की मध्ये बदलू शकतो? एखादा हप्ता चुकला तर दंड किती, आणि किती हप्ते चुकल्यावर खातं बंद होतं? मधून थोडी रक्कम काढता येते का? हा दर सगळ्यांना मिळतो की पगार त्याच बँकेत जमा होणाऱ्यांनाच? ठेवीला विम्याचं संरक्षण किती रकमेपर्यंत आहे? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका, कुणी इतरांपेक्षा खूपच जास्त दर देत असेल तर सगळ्यात आधी तोच विचारा. व्याजावर करही लागू शकतो. दोन्ही खात्यांना तो सारखाच लागत असेल तर तुलना बदलत नाही, फक्त दोन्ही आकडे थोडे खाली येतात.

जाहिरातीत ‘दर’ लिहिलाय की ‘परतावा’, हेही नीट वाचा. सात टक्के दर तीन महिन्यांनी चक्रवाढ झाले की वर्षाचे ७.१९ होतात, इथवर ठीक. पण एकरकमी ठेव याच दराने दहा वर्षं राहिली तर दुप्पट होते. मग १०० वर १०० मिळाले, भागिले दहा, म्हणून ‘वार्षिक सरासरी परतावा १० टक्के’ असंही लिहिता येतं. आकडा खोटा नाही, पण सात टक्क्यांचीच ती वस्तू आहे. शेजारच्या बँकेच्या साडेसात टक्क्यांशी या दहाची तुलना करणारा माणूस कमी देणारी ठेव निवडून बसतो. तुलना करताना दराशी दर लावा आणि चक्रवाढ किती महिन्यांनी होते तेवढं बघा.

मुदत संपल्यावर काय, हे कुणी विचारत नाही, आणि मला ते सांगावंसं वाटतं. बाराव्या महिन्यानंतर १२४५.५० बहुधा आपोआप तुमच्या साध्या खात्यात, पुन्हा चार टक्क्यांवर किंवा त्याहून कमी दरावर जाऊन पडतात. वर्षभरात ती रक्कम पहिल्यांदाच मोठी झालेली असते आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात कमी कमवायला लागते. नवं हप्त्याचं खातं उघडलं तरी ही रक्कम त्यात एकदम मावत नाही, तिथे पुन्हा १०० चीच मर्यादा. तेव्हा ही साठलेली रक्कम मुदत ठेवीत घाला आणि नवं खातं त्या महिन्याच्या पगारापासून सुरू करा. मुदत संपण्याची तारीख खातं उघडता उघडताच फोनमध्ये टाका, एक आठवडा आधीची. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. पगार कधी कधी उशिरा होत असेल तर त्याला चार-पाच दिवसांची सवड द्या, म्हणजे हप्ता चुकणार नाही.