कॅराव्हॅनमधून कोकण: खाडी, पाणी आणि अंगणाची परवानगी

कोकणात कॅराव्हॅन घेऊन जायचं ठरवलं असेल तर नकाशाच्या बरोबरीने पंचांगही काढून बसा. आम्ही फाल्गुनात बागमांडल्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने उतरलो. रोजचा कार्यक्रम दोनच गोष्टींवर ठरत होता: खाडीला पाणी किती आहे, आणि रात्री गाडी कोणाच्या अंगणात उभी राहणार आहे.

कॅराव्हॅन घेण्याचं कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसायच्या संडासात बसता येत नाही, रात्री उठावं लागतं, आणि त्यामुळे गेली काही वर्षं कुठल्याही प्रवासाचा विषय निघाला की "तुम्ही जाऊन या" एवढंच म्हणायच्या. संडास, पलंग आणि चहाची शेगडी बरोबर घेऊन फिरता येतं हे कळल्यावर पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग हरिहरेश्वर होईल का?" तेवढं पुरे होतं.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आता पुण्यामुंबईत अशा गाड्या भाड्याने मिळतात, बहुतेक चालकासकट. गाडी ठरवताना आतली गादी आणि टीव्ही बघण्याआधी आरसी बुक मागा. गाडीची नोंद कॅराव्हॅन म्हणून झालेली आहे का ते पाहा. साध्या व्हॅनमध्ये पलंग-शेगडी बसवून ती तशीच भाड्याने देणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल केला तर आरटीओकडे त्याची रीतसर मंजुरी आणि नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. आम्ही दोन गाड्या याच कारणाने नाकारल्या आणि तिसरी घेतली. ती जुनी होती, पण कागद चोख होते.

आता खाड्यांबद्दल. किनाऱ्याने जाताना तीन मोठ्या खाड्या आम्ही फेरीबोटीने ओलांडल्या: बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या त्या तीन नद्या. फेरीबोट नको असेल तर आंबेत-म्हाप्रळ, चिपळूण किंवा भातगावच्या पुलाकडून लांबचा वळसा घ्यावा लागतो. साध्या मोटारीला फेरीबोटीचं काहीच वाटत नाही. कॅराव्हॅनचं तसं नाही. ती लांब असते, आणि मागच्या चाकांच्या पलीकडेही तिचा चार-पाच फूट भाग बाहेर येतो. त्या भागाखालीच सांडपाण्याचा नळ असतो. ओहोटीला बोट खाली जाते, जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो, आणि त्या कोनात गाडीची मागची बाजू घासते.

बागमांडल्याला आम्ही दुपारी पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. उताराचा खालचा भाग उघडा पडलेला, त्यावर हिरवं शेवाळ. आमचे चालककाका खाली उतरले, बोटीच्या फळीपर्यंत चालत गेले, परत येऊन गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि नळाच्या तोंडाखाली हाताची वीत लावून बघितली. वीतभरही जागा नव्हती. "ताई, पाणी चढू दे," एवढंच म्हणाले. आमच्यासमोर मोटारी आणि दुचाकी चढत-उतरत राहिल्या, आम्ही आत बसून पोहे केले.

तिथेच सावलीत बसलेल्या एका वयस्कर कोळीबाबांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसात आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पूर्ण भरती, आणि मधल्या वेळेत, दीड-दोनला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे आणि खाडीच्या आत थोडा फरक पडतो, पण गाडी कधी न्यायची हे ठरवायला एवढं पुरतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक कमी. आम्ही पौर्णिमेकडे चाललो होतो, म्हणजे दुपारचा उतार रोज जास्तच अवघड होणार होता.

चारच्या पुढे फळी बऱ्यापैकी सपाट झाली. काकांनी गाडी उलटी घेतली, आम्ही सगळे पायी चढलो, आई तेवढ्या गाडीतच बसून राहिल्या. चढण्याआधी गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला होता, तो उतरेपर्यंत लावला नाही. पुढे दाभोळला द्वादशी होती, बारांची पाऊणपट नऊ; आम्ही साडेआठलाच जेट्टीवर हजर होतो आणि गाडी एका दमात चढली. तवसाळलाही तोच हिशेब लावला. बाबांचे उपकार आम्ही दोन्ही वेळा आठवले.

खाड्यांच्या मधल्या गावांत वेगळाच प्रश्न. केळशी, आंजर्ले, मुरुड इथले आतले रस्ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात. समोरून एसटी आली तर एकाने मागे जायचं. आमची गाडी टपावरच्या एसीसकट दहा फूट उंच होती. फणसाच्या फांद्या एकवेळ परवडल्या, विजेच्या तारांची खरी भीती. खांबावरून घरात गेलेली तार कधीकधी इतकी सैल असते की खालून बघूनच छातीत धडधडतं. काठीने तार उचलून गाडी काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सरळ मागे फिरा. आम्ही आंजर्ल्यात गाडी गावाबाहेर लावली आणि कड्यावरच्या गणपतीला रिक्षाने गेलो. आईंना वरपर्यंत रिक्षा मिळाली, गडबड नाही, धावपळ नाही.

पाण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण गाडी देणारे याबद्दल फारसं सांगत नाहीत. आमची टाकी शंभर लिटरची होती. पाच माणसांना हातपाय, भांडी आणि संडास मिळून ती दिवसभर पुरते, अंघोळी त्यात बसत नाहीत. म्हणजे रोज कोणाकडे तरी पाणी मागायचं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण जांभ्यातून आणि उतारावरून तो समुद्राकडे निघून जातो, आणि फाल्गुनापासून विहिरी खाली जायला लागतात. गुहागरजवळ ज्यांच्या अंगणात राहिलो त्या वहिनी पंप सकाळी एकदाच लावायच्या. त्यावर वाडीचं शिंपणं, गोठा आणि घर. त्यांनी आम्हाला नाही म्हटलं नाही. पण त्यांच्या विहिरीत डोकावल्यावर मी टाकी अर्धीच भरून घेतली आणि त्या दिवसापासून भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची पद्धत घरात लागू केली. मुलांनीही ती पाळली. शंभर लिटर पाणी हा तिथे पाहुणचाराचा भाग धरू नये, ते विचारून, बघून आणि बेताने घ्यावं.

तसंच संडासाच्या टाकीचं. गाडीतल्या संडासाला खाली सुटकेससारखी ओढून काढायची वीसेक लिटरची टाकी असते. ती दिवसाआड रिकामी करावी लागते, आणि ती फक्त संडासातच रिकामी करायची. खाडीत नाही, सुरूबनात नाही, रस्त्याकडेच्या झुडपात तर नाहीच. गाडीबरोबर दुर्गंधी मारणारं निळं औषध देतात. घरांचे संडास सेप्टिक टँकवर किंवा शोषखड्ड्यावर चालतात, आणि मैला कुजवणारे जिवाणू अशा तीव्र औषधाने मरू शकतात. म्हणून आम्ही औषध वापरलंच नाही, त्याऐवजी टाकी लवकर लवकर रिकामी केली. हे काम माझ्या नवऱ्याने सकाळी उजाडायच्या आत, हातमोजे घालून, यजमानांना आदल्या रात्री विचारून केलं. विचारताना संकोच वाटतो. तरी जेवणाचं ठरवण्याआधी हेच विचारा. "आमच्याकडे आजी आहेत, गाडीतल्या संडासाची टाकी सकाळी तुमच्या संडासात ओतली तर चालेल का?" असं सरळ विचारल्यावर आम्हाला फक्त एका ठिकाणी नकार मिळाला, तोही त्यांचा खड्डा भरला होता म्हणून.

बाकी अंगण मिळणं सोपं नव्हतं, कारण शिमगा. चाकरमानी घरी आलेले, प्रत्येक खळ्यात दोन-दोन गाड्या. आम्ही घरगुती खानावळी आणि होम-स्टे चालवणाऱ्यांना आधी फोन करून ठेवले होते: खोली नको, जेवण आणि गाडीला जागा हवी, वीज एका प्लगची. जेवणाचे पैसे आणि जागेचे पैसे वेगळे विचारून घेतले. विजेला नेहमी पॉवर प्लग आणि अर्थिंग आहे का ते बघून घ्या. गाडीचा एसी साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर लावू नका.

हेदवीच्या अलीकडे पालखीने रस्ता अडवला. ढोल आधी ऐकू आले, मग वळणावर माणसंच माणसं. काकांनी इंजिन बंद केलं. दोन जणांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवायला सुरुवात केली, पालखी इतकी झुकायची की मुलं ओरडायची, आणि देव सावरून पुन्हा वर यायचा. एक मुलगा आमच्या खिडकीशी आला, आत डोकावला, आईंना म्हणाला, "आजी, खाली उतरता येत नाय? मग थांबा." थोड्या वेळाने पालखी गाडीच्या दाराशी आली. आईंच्या पिशवीत नारळ होता, तांदूळ होते, पण खण नव्हता. त्यांनी स्वतःच्या नव्या साडीबरोबरचा ब्लाऊजपीस काढला आणि दारातच बसून ओटी भरली. मला त्या प्रवासातलं सगळ्यात जास्त काय आठवतं म्हटलं तर आईंचे ते हात आठवतात. तासभर रस्ता बंद होता आणि आमच्यापैकी कोणालाही पुढे जायची घाई नव्हती.

रात्रीची जागा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. गाडी माडाखाली लावायची नाही. देवगडच्या पुढे एका आजोबांनी आम्हाला दोनदा बजावलं, "माडाखाली नको, नारळ पडात." दुसरं, दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून, म्हणून झोपायच्या बाजूची खिडकी पूर्वेकडे ठेवली तर पहाटे एसीची गरज पडत नाही. तिसरं, पुळणीवर गाडी उतरवायची नाही. वरून घट्ट दिसणारी वाळू एवढ्या वजनाला धरत नाही, आणि भरती आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून बाहेर येतात. ती उजेडाच्या दिशेने जातात. समुद्रावरचा उजेड सोडून गाडीच्या दिव्याकडे वळली तर मेलीच. वेळासच्या गावकऱ्यांनी ही घरटी वर्षानुवर्षं जपली आहेत. किनाऱ्याजवळ असाल तर बाहेरचा दिवा बंद आणि पडदे ओढलेले, एवढं आपल्याकडून व्हायलाच हवं.

जयगडच्या खाली फेरीबोटींचा प्रश्न उरला नाही, आमच्या वाटेवर पूल होते. गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा चढ-उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर असं करत मालवणला पोचलो. कशेळीला आईंना देवळापर्यंत चालता आलं. विजयदुर्गाच्या पायऱ्या त्यांनी पाहिल्या आणि गाडीत चहा करून आमची वाट बघितली.

परतताना फोंडा घाटाने वर आलो. गाडी देण्याआधी खालची बाजू गोड्या पाण्याने धुवून घेतली. खाऱ्या हवेचा आणि जेट्टीवरच्या पाण्याचा थर ब्रेकच्या नळ्यांवर आणि नटबोल्टवर राहिला तर गंज धरतो. घाट चढल्यावर कोल्हापूरच्या बाजूला हे काम करून घ्या, खाली पाण्याची ओढ असते.

पुढच्या खेपेला कार्तिक-मार्गशीर्ष धरायचं ठरलंय. विहिरी भरलेल्या असतात, चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, अंगणं मोकळी असतात. मालवणच्या खाली निवती, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी हा पट्टा राहिलाय. मार्गशीर्षातल्या अष्टमीच्या मागचेपुढचे दिवस मी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेत, आणि वेंगुर्ल्याच्या एका खानावळवाल्यांना संडासाच्या टाकीचं आत्ताच विचारून घेतलंय. ते हो म्हणालेत.