अझाथायोप्रिनसोबत काय चालतं, काय नाही

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतडं सुजण्याचे जुनाट आजार) असलेल्या माणसाची औषधांची पिशवी एकदा उघडून बघा. आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, कॅल्शियम, कधी सलाइनमधून घ्यायच्या इन्फ्लिक्सिमॅबची तारीख लिहिलेलं कार्ड. यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि कधी बंद होणार आहे, हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कारण या आजारात औषधं एकमेकांच्या आधाराने चालतात, आणि घोटाळे होतात ते बहुतेक अझाथायोप्रिनच्या आसपास.

साधी जोडी आधी. कोलायटिसमध्ये मेसालामाइनची गोळी चालू असतानाच वरून एनिमा दिला, तर नुसत्या गोळीपेक्षा शौचातून जाणारं रक्त लवकर थांबतं. शेवटच्या भागातल्या सुजेपर्यंत गोळीतलं औषध पुरेसं पोचत नाही. सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची औषधाची वडी) फक्त गुदाशयापुरती, एनिमा डाव्या बाजूच्या आतड्यापर्यंत चढतो. रात्री शौचाला जाऊन आल्यावर, बाटली कोमट पाण्यात धरून, डाव्या कुशीवर झोपून, उजवा गुडघा पोटाशी घेऊन हळूहळू द्यायचा आणि तसंच अर्धा तास पडून राहायचं. पहिले काही दिवस तो आत टिकत नाही, कारण सुजलेला गुदाशय काहीच धरून ठेवत नाही. म्हणून एनिमा सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून आधी सपोझिटरीने सूज उतरवा. चादरीवर डाग पडतात, जुनी चादर घाला.

प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन एकत्र का? अझाथायोप्रिनचा गुण यायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर आजार आवरायचं काम स्टेरॉइड करतं: सहसा सकाळी नाश्त्यानंतर ४० मिलिग्रॅम, आणि बरं वाटू लागल्यावर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी. अझाथायोप्रिन उशिरा सुरू केलं, तर स्टेरॉइड संपतं तेव्हा मागे उभं राहायला कुणीच नसतं आणि जुलाब परत येतात. मग लोक उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा घेतात. हाडं, साखर, डोळे, सगळ्याची किंमत मोजावी लागते. स्टेरॉइड एकदम बंद करणंही तितकंच घातक.

आता अझाथायोप्रिन. पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, पण आपल्याकडे ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून वाढवणं शहाणपणाचं. हे औषध नीट न पचवू देणारा टीपीएमटी जनुकातला दोष युरोपात जास्त दिसतो. आपल्याकडे एनयूडीटी-१५ या जनुकातला दोष जास्त महत्त्वाचा. म्हणून नुसत्या टीपीएमटीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. खूण लक्षात ठेवा: गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, तर शाम्पू बदलू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करा. पांढऱ्या पेशी कोसळत असण्याची शक्यता असते. एरवी पहिला महिना दर आठवड्याला, दुसरा महिना पंधरा दिवसांनी आणि मग दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि लिव्हरची तपासणी. पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ४,००० च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन. ३,००० च्या खाली गोळी थांबवतात. पहिल्या महिन्यात पोटात वर जोरात दुखून कळ पाठीत गेली, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. मग हे औषध पुन्हा घ्यायचं नाही.

सगळ्यात धोकादायक जोडी मात्र आतड्याच्या डॉक्टरांकडून येत नाही. पायाचा अंगठा सुजतो, युरिक ॲसिड वाढलेलं निघतं, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडून ते कमी करणारं ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून मिळतं. झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम अझाथायोप्रिनपासून बनलेला पदार्थ मोडून टाकतं. या दोन्ही गोळ्या तेच एन्झाइम अडवतात. मग रोजचा नेहमीचा डोस अनेक पटींनी जास्त घेतल्यासारखा होतो. दोन-चार आठवड्यांत तोंडात फोड, ताप, पांढऱ्या पेशी तळाला. तज्ज्ञ काही पेशंटना हीच जोडी मुद्दाम देतात, विशेषतः अझाथायोप्रिनने लिव्हर बिघडतं तेव्हा, पण ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम देताना अझाथायोप्रिन पाव ते तृतीयांशावर आणतात: १५० ऐवजी साधारण ५०. हा हिशोब घरी करायचा नाही. को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिकही पेशी आणखी खाली आणू शकतं, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम अझाथायोप्रिनमुळे कमी होतो. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘अझाथायोप्रिन चालू आहे’. दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, पॅरासिटामॉल घ्या.

इन्फ्लिक्सिमॅबसोबत अझाथायोप्रिन देण्याचं कारण वेगळं आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिन आहे, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि काही डोसांनंतर औषध लागू पडेनासं होतं. अझाथायोप्रिन ती अँटिबॉडी दाबतं. २०१० च्या सॉनिक अभ्यासात क्रोन्सचे ५०८ पेशंट होते. २६ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय बरे असलेले जोडीवर ५७ टक्के, नुसत्या इन्फ्लिक्सिमॅबवर ४४, नुसत्या अझाथायोप्रिनवर ३०. पण हे गणित प्रत्येक इंजेक्शनला लागू नाही: ॲडालिमुमॅब या त्याच गटातल्या इंजेक्शनवरच्या जपानी डायमंड अभ्यासात जोडीचा असा फायदा दिसला नाही.

जोडी सुरू करण्याआधी टीबी शोधायचाच. छातीचा एक्सरे, आयजीआरए (टीबीसाठीची रक्ततपासणी) किंवा ट्यूबरक्युलिन टेस्ट, घरात कुणाला टीबी झाला होता का याची चौकशी, शिवाय हिपॅटायटिस बी. स्टेरॉइड चालू असताना टीबीच्या या टेस्ट खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून शक्य तर आधीच करून घ्या. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दिसायलाही सारखेच, त्यामुळे इथे घाई महागात पडते. जिवंत जंतूंच्या लसी या काळात बंद. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बीच्या चालतात. तरुण मुलांमध्ये या जोडीने लिव्हर-प्लीहेचा एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झाल्याची नोंद आहे, म्हणून जोडी किती काळ चालवायची ते सुरुवातीलाच विचारा.

आणि कमी करायची वेळ आली, तर कुठलं? घरी पहिला विचार महाग सलाइन बंद करण्याचा येतो, ते स्वाभाविकच आहे. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेअर अभ्यासात जोडीवर बरे असलेल्या क्रोन्सच्या पेशंटपैकी इन्फ्लिक्सिमॅब थांबवलेल्यांत दोन वर्षांत ३६ टक्क्यांचा आजार उलटला. अझाथायोप्रिनसारखी गोळी थांबवलेल्यांत १० टक्के, दोन्ही चालू ठेवलेल्यांत १४. शिवाय मोठा खंड पाडून इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा सुरू केलं, तर सलाइन चालू असतानाच रिॲक्शन येण्याचा धोका वाढतो. परवडत नसेल तर बायोसिमिलर (त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली, जवळपास तशीच आवृत्ती) मिळतं का, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डोस मात्र परस्पर पुढे ढकलू नका.